कर्करोग प्रतिबंध आणि तपासणी: आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आशाताई, सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे आपले सीएचओ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांच्याकडून प्रशिक्षणाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

राष्ट्रीय कार्यक्रमात नेमकं कोणाला आणि काय तपासायचं?

तीन कर्करोग: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार वय ३० ते ६५, दर पाच वर्षांनी एकदा. तोंड बघायचं पुरुष आणि स्त्रिया दोघांचंही, उजेडात आणि नीट. स्तनांची तपासणी हाताने. गर्भाशयमुखाची तपासणी ॲसेटिक ॲसिड लावून नजरेने, म्हणजे व्हीआयए.

हेच तीन का, तर भारतात यांचंच ओझं मोठं आहे आणि तिन्ही लवकर सापडले तर बरे होतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १.९२ लाख नवे रुग्ण सापडतात, ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १.४४ लाख, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १.२७ लाख. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली आहे असं सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया होत्या फक्त १.९ टक्के. स्तनांच्या तपासणीचं प्रमाण ०.९ टक्के. म्हणजे शंभर बायकांमागे एकसुद्धा नाही.

शहरात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) होतात. मग गावातल्या बाईला आपण स्वस्तातलं, दुय्यम काहीतरी देतोय का?

हा प्रश्न डॉक्टर जास्त विचारतात, सिस्टर कमी. उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं आहे, आणि ते प्रत्येक प्रशिक्षणार्थीला माहीत असायला हवं.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. तपासणी डॉक्टरांनी केली नाही. किमान दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हीआयए आणि स्तन तपासणी करून घेतली, अशा चार फेऱ्या. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या बाबतीत वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे शिकवावं.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. त्यामागे टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था (आयएआरसी) होती. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचे चार गट केले: एचपीव्ही चाचणी (गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूची), पॅप, व्हीआयए आणि नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. एकदाच केलेल्या पॅपने किंवा एकदाच केलेल्या व्हीआयएने असा ठोस फरक पडला नाही.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. तीच व्हीआयए मुंबईत उपयोगी पडली, कारण ती पुन्हा पुन्हा झाली आणि पुढचे उपचारही झाले. तेव्हा व्हीआयए दुय्यम नाही, पण एकदा करून विसरून जाण्यासारखीही नाही. मॅमोग्राफीचं सांगायचं तर तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असतात, त्यात गाठ सहज दिसत नाही. शिवाय यंत्र, तंत्रज्ञ आणि फिल्म वाचणारा डॉक्टर तालुक्याला आणायचा कुठून?

प्रशिक्षणाचं चांगलं साहित्य कुठे मिळतं आणि सुरुवात कशाने करावी?

सगळं एकदम उतरवून घेऊ नका. मोबाईल भरतो, डोकं रिकामंच राहतं.

आशा आणि सिस्टरनी आपल्याच विभागाच्या असंसर्गजन्य आजारांच्या पुस्तिकेपासून सुरुवात करावी. सीएचओ आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ चा आराखडा आधी वाचावा. तो छोटा आहे. कोणी काय करायचं आणि रुग्ण कुठून कुठे पाठवायचा याच्या आकृत्या त्यात आहेत.

पुढची पायरी नोएडाच्या राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्थेची. ही आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. ती ‘इको’ पद्धतीने डॉक्टर, दंतवैद्य, नर्स अशा वेगवेगळ्या गटांसाठी ऑनलाइन वर्ग घेते. इकोमध्ये नुसतं व्याख्यान नसतं, शिकणाऱ्याने आपल्याकडचा रुग्ण मांडायचा असतो आणि त्यावर चर्चा होते. प्रमाणपत्रासाठी कॅमेरा बंद करून बसणाऱ्यांना यातून फार काही मिळत नाही. रुग्ण घेऊन येणाऱ्याला भरपूर मिळतं.

आयएआरसीचं साहित्य संकेतस्थळावर फुकट आहे. व्हीआयएसाठी २०२० चा चित्रसंग्रह म्हणजे अॅटलास, कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून बघणं) शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळी पुस्तिका, तोंडाच्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी आणखी एक. पैकी एकच उघडायचं असेल तर व्हीआयएचा अॅटलास उघडा. रोज दहा चित्रं बघा, खालचं उत्तर हाताने झाका, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते आधी स्वतः ठरवा आणि मगच हात काढा. नजर अशीच बसते.

मराठीत काय आहे?

आशांसाठीच्या पुस्तिका आणि भित्तिपत्रकं मराठीत मिळतात. सखोल तांत्रिक साहित्य बहुतेक इंग्रजीतच आहे. अॅटलासचं त्यामुळे फारसं अडत नाही, ती चित्रंच आहेत. अडतं ते समुपदेशनात. ‘तुमची व्हीआयए पॉझिटिव्ह आली आहे’ हे वाक्य बाईला कसं सांगायचं, हे कुठल्याच परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही. आपल्या केंद्राने ते वाक्य आपल्या भागाच्या बोलीत लिहून काढावं आणि सगळ्या सिस्टरनी तेच वापरावं. एकीने ‘थोडी सूज आहे’ आणि दुसरीने ‘कॅन्सरची शंका आहे’ असं सांगितलं, तर बाई तिसरीकडे जाते.

सीबॅक फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली का?

नाही. आशाताई घरोघर जाऊन भरतात तो सीबॅक म्हणजे धोक्याचा अंदाज. गुण चारपेक्षा जास्त असतील तर त्या माणसाला आधी बोलवायचं, इतकाच त्याचा अर्थ. गुण कमी असले तरी तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हायलाच हवी. पोर्टलवर नोंद हिरवी दिसली म्हणून तोंड उघडून बघितलं असं होत नाही, आणि मासिक बैठकीत नेमकी हीच गल्लत होते.

तोंडाची तपासणी नीट कशी करायची? आणि तंबाखूचा इतिहास कसा विचारायचा?

आधी विचारण्याचं बोलू. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की आपल्याकडच्या कितीतरी बायका खुशाल ‘नाही’ म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. त्या मिश्री लावतात. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड बोटाने हिरड्यांना चोळायची, सकाळी आणि पुष्कळदा दुपारी, रात्रीसुद्धा. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ विदर्भात खर्ऱ्याबद्दल वेगळं विचारा, इतरत्र माव्याबद्दल. ‘नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही’ असं सांगणाऱ्याला सोडून देऊ नका. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आयएआरसीने तिला पहिल्या गटात टाकलेलं आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ती पाळली जाते असं गृहीत धरून प्रश्न गाळू नका.

आता तपासणी. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवा, कवळी असेल तर काढायला सांगा, हातमोजे घाला, टॉर्च घ्या. क्रम ठरलेला ठेवा, म्हणजे जागा सुटत नाही: ओठ बाहेरून आणि आतून, दोन्ही गाल, हिरड्या, शेवटच्या दाढेमागची जागा, जीभ, जिभेखालचा भाग, टाळू. जिभेच्या कडा बघायच्या राहून जातात. जिभेचं टोक गॉजच्या तुकड्यात धरून जीभ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढल्याशिवाय कड पूर्ण दिसत नाही. गालात तंबाखूची गोळी कुठे ठेवतो ते रुग्णालाच बोटाने दाखवायला सांगा. तिथला गाल दोन बोटांत धरून चाचपा. शेवटी मान चाचपा.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात: यातलं काहीही दिसलं तर पाठवा. लाल चट्ट्याला पांढऱ्यापेक्षा जास्त घाबरा. रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील आणि तिखट सहन होत नसेल, तर सबम्युकस फायब्रोसिसचा, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याच्या कर्करोगपूर्व आजाराचा विचार करा. आजकाल हे विशी-पंचविशीच्या पोरांत दिसतं. ती पोरं कार्यक्रमाच्या वयोगटात बसत नाहीत, पण समोर आली तर बघायचं नाही असा काही नियम नाही.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात याच साध्या तपासणीने तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्या लोकांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ मध्ये दिसून आलं. व्यसन नसलेल्यांत फायदा दिसला नाही. वेळ थोडा आणि रांग मोठी असेल तेव्हा कोणाला आधी बसवायचं, हे यावरून ठरवा.

व्हीआयए करताना चुका कुठे होतात?

बहुतेक चुका द्रावणात आणि घाईत होतात.

द्रावण ५ टक्के हवं: ९५ मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. रोज ताजं करा. ग्लेशियल ॲसिड तसंच लावलं तर भाजतं, म्हणून मूळ बाटली तपासणीच्या ट्रेवर ठेवूच नका, कपाटात ठेवा. तयार द्रावणाच्या बाटलीवर तारीख लिहा.

द्रावणात भिजवलेला बोळा लावला की पूर्ण एक मिनिट थांबायचं. घड्याळ लावून. वीस सेकंदांत ‘निगेटिव्ह’ म्हणून स्पेक्युलम काढणारे हात सगळ्यांनीच पाहिले आहेत. बघायचं काय, तर संधिरेषेला, म्हणजे गुलाबी आणि लालसर भाग जिथे मिळतात त्या रेषेला, चिकटून दाट, अपारदर्शक, ठळक कडांचा पांढरा डाग आहे का. रेषेपासून लांब, पुसट, नकाशासारखे विखुरलेले पांढरे ठिपके पॉझिटिव्ह नाहीत. फुलकोबीसारखी वाढ दिसली, हात लावताच रक्त आलं, तर तो व्हीआयएचा प्रश्नच राहिला नाही. तिला त्याच दिवशी पुढे पाठवा.

पाळी चालू असताना, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत व्हीआयए करायची नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत संधिरेषा आत सरकते आणि दिसत नाही. अशा वेळी कागदावर ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘संधिरेषा दिसली नाही’ असं लिहा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

आणखी एक. महिनोन्महिने एकही पॉझिटिव्ह न सापडणारी सिस्टर आणि चारातली एक पॉझिटिव्ह काढणारी सिस्टर, दोघींनाही पुन्हा अॅटलाससमोर बसवायची गरज आहे. त्यांना ओरडू नका. व्हीआयएची नजर वापरली नाही की जाते.

व्हीआयए पॉझिटिव्ह आली म्हणजे पिशवी काढायची का?

नाही, नाही आणि नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. त्या डागाची पुढची तपासणी हवी, एवढंच. कॉल्पोस्कोपी होते, लागलं तर बायोप्सी. कर्करोगपूर्व बदल असेल तर थर्मल अब्लेशनने, म्हणजे साधारण १०० अंशांच्या प्रोबने २०-३० सेकंद शेकून तो नष्ट करता येतो, किंवा लीपने, म्हणजे विजेने तापलेल्या तारेच्या कडीने, तेवढाच भाग काढता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते.

हे इतक्या जोराने सांगायचं कारण आपल्याकडे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, एवढ्यावर ‘पिशवीचा कॅन्सर होईल’ अशी भीती घालून विशी-तिशीतल्या बायकांची पिशवी काढल्याच्या तक्रारी होत्या. आपलं जनजागृतीचं भाषणच या भीतीला खतपाणी घालू शकतं. तेव्हा ‘पांढरं जाणं म्हणजे कॅन्सरचं लक्षण’ असं सरसकट वाक्य कुठल्याही पत्रकावर असेल तर ते पत्रक वाटू नका. पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात आणि औषधाने बरी होतात. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित स्राव यांना मात्र थांबायला सांगू नका.

एचपीव्ही चाचणी येणारच आहे, मग व्हीआयए शिकायची कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली आहे: तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या केंद्रातल्या सहकाऱ्यांनी हा दुसरा भाग पाठच करावा. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, त्यामुळे लाजेची मोठी अडचण दूर होते. क्षयरोगासाठी कितीतरी ठिकाणी असलेल्या, गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीची चिपही चालते.

पण एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या बाईचं गर्भाशयमुख कोणीतरी बघावंच लागतं. ते शेकून उपचार करण्याजोगं आहे का, हे ठरवायला तीच व्हीआयएची नजर लागते. शिकलेलं वाया जात नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेली बाई विचारते, ‘हे नवऱ्यामुळे झालं का?’ काय सांगावं?

हा संसर्ग अतिशय सामान्य आहे, संबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि बहुतेकांत एक-दोन वर्षांत आपोआप जातो. तो कधी झाला आणि कोणाकडून झाला हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. एवढंच सांगा, शांतपणे, बाई एकटी असताना. सासू किंवा नवरा खोलीत असेल तर काहीतरी काम सांगून बाहेर पाठवा. निकालाचा कागद आशाताईंच्या हाती उघडा देऊ नका.

बायकांना स्वतःचे स्तन तपासायला शिकवावं का?

शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. दर महिन्याची ठरावीक स्वतपासणी शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून आता भर ओळखीवर आहे: आपले स्तन एरवी कसे असतात ते माहीत असावं आणि बदल दिसला की यावं. गाठ, कातडीला खळी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत ओढलं गेलेलं बोंड, रक्तासारखा स्राव.

आपण तपासताना मधल्या तीन बोटांचे मऊ भाग वापरा, टोकं नाही. दाब हलका, मध्यम, खोल असा तीनदा. काखेपर्यंत आणि कॉलरबोनपर्यंत. पाळी संपल्यानंतरचा आठवडा सगळ्यात बरा. ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हे वाक्य केंद्रात कोणी उच्चारलं तर तिथेच थांबवा. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

एचपीव्हीच्या लसीबद्दल पालक विचारतात. किती डोस?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वावॅक लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या वेळापत्रकानुसार ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अखेरीस २० वर्षांपर्यंत एक डोसही चालतो असं मत दिलं. त्याला आधार मिळाला तो भारतातल्याच अभ्यासातून. पुणे आणि बार्शीही त्यात होतं. २००९ मध्ये सुरू झालेलं लसीकरण २०१० मध्ये सरकारने थांबवलं, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात आढळलं. सरकारी मोहिमेत काम करत असाल तर तिथला लेखी आदेशच पाळायचा, खाजगी डॉक्टरांचा सल्ला त्यात मिसळायचा नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही.

४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, मोठं शिबिर घेतलं तर चालेल का?

घ्या, पण फित कापण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा: पॉझिटिव्ह आलेल्यांची कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी, कुठे, कोण करणार? उत्तर नसेल तर शिबिर पुढे ढकला. तोंड आणि स्तन तपासणीला मात्र शिबिराची गरजच नाही, ती रोजच्या ओपीडीत होते.

‘कॅन्सरची रक्ततपासणी’ म्हणून पॅकेज विकतात ते?

लक्षणं नसलेल्या माणसात ट्यूमर मार्कर (काही कर्करोगांत रक्तात वाढणारे पदार्थ) तपासणं ही कर्करोगाची सर्वसाधारण तपासणी नव्हे. ते पैसे वाचवा.

कर्मचारीच तंबाखू खातात, त्यांनी लोकांना काय सांगायचं?

त्यांनाच आधी मदत करा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी निःशुल्क आहे. तो क्रमांक केंद्राच्या भिंतीवर लावण्याआधी स्टाफरूममध्ये लावा.

पाठवलेली बाई पुढे जातच नाही. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि प्रशिक्षणात यालाच सगळ्यात कमी वेळ मिळतो.

बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत राहिले, कर्करोगाची लक्षणं सांगत राहिले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचं १९९५ मध्ये प्रसिद्धही झालं. यंत्र नव्हतं, माणसं होती.

तेव्हा पाठवलेल्यांची वेगळी वही ठेवा, पोर्टल असलं तरी. नाव, तारीख, कुठे पाठवलं, पोचली का, काय निघालं, उपचार झाला का. शेवटचे तीन रकाने रिकामे असतील त्यांची यादी दर सोमवारी आशाताईंना द्या. चिठ्ठीवर नुसतं ‘जिल्हा रुग्णालय’ लिहू नका. खोली क्रमांक, वार, वेळ आणि तिथल्या सिस्टरचं नाव लिहा. तोडणीला जाणारी असेल तर दसऱ्याआधी पाठवा, नंतर ती सहा महिने भेटणार नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला भेटायचं. पहिल्या खेपेला शक्य असेल तर आशाताईंनी सोबत जावं. दुसऱ्या खेपेला बाई बहुधा एकटी जाते.